गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन: लघवीच्या नसा वाचवता येतात का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जाणकारांनी आणि या ऑपरेशनमधून गेलेल्यांनी कृपया लिहावं.

माझ्या थोरल्या बहिणीला (वय ४१) गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला आहे. एमआरआयमध्ये गाठ २.६ सेंमी, आजूबाजूला पसरलेली दिसत नाही, लसिकाग्रंथीही ठीक. स्टेज १बी२. पोट उघडून रॅडिकल हिस्टरेक्टॉमी (गर्भाशय आजूबाजूच्या भागासकट काढणं) करायची, अंडाशयं ठेवायची, असं ठरलं आहे. तारीख अजून मिळायची आहे.

ओपीडीबाहेर एक बाई भेटल्या. हेच ऑपरेशन झालेल्या. पदराआड कापडी बटव्यात लघवीची पिशवी. म्हणाल्या, "लघवी लागलेली कळतच नाही गं, काही महिने झाले." तेव्हापासून ताईने कॅन्सरचं नावच सोडलंय, तिला धसका आहे तो त्या बटव्याचा. डॉक्टरांना विचारलं तर "काही दिवस कॅथेटर राहतो, नंतर होतं नीट" एवढंच. शेजारी दाजी बसलेले, मागे पुढचा पेशंट उभा, त्यामुळे नवराबायकोच्या संबंधांबद्दल विचारायचं तर तिच्या तोंडून निघालंच नाही.

'नर्व्ह स्पेअरिंग', म्हणजे नसा वाचवून ऑपरेशन, असा प्रकार असतो असं वाचलं. नसा वाचवायच्या नादात कॅन्सर मागे राहण्याची भीती असते का? आणि डॉक्टरांना न दुखवता हे विचारायचं कसं?

खडूस_काका
नेटवर विचारून ऑपरेशनं होत नसतात. तरी सांगतो, माझ्या मेव्हणीचं दुर्बिणीतून झालं, लवकर घरी आली. आत सगळं मोठं दिसतं, त्यामुळे नसाही वाचतात. पोट फाडायचे दिवस गेले.

रानजाई
मी याच विभागात काम करते. ताईंना मी तपासलेलं नाही, हे धरूनच वाचा.

आधी काकांचं. या कॅन्सरपुरतं ते उलटं आहे. २०१८ साली एक मोठी चाचणी छापून आली. ६३१ बायका, निम्म्यांचं ऑपरेशन पोट उघडून, निम्म्यांचं दुर्बिणीतून किंवा रोबोटने. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के, दुसऱ्यात ८६. त्यानंतर जगभर पुन्हा पोट उघडणं सुरू झालं. तुमच्या डॉक्टरांनी तेच सांगितलंय, म्हणजे त्यांचं वाचन ताजं आहे.

आता नसा. गर्भपिशवी काढायच्या साध्या ऑपरेशनमध्ये गर्भाशयाला लागून कापतात. रॅडिकलमध्ये गर्भाशयाला धरून ठेवणारे दोन्ही बाजूंचे बंध, मागचे बंध आणि योनीचा वरचा भागही जातो. अडचण अशी की मूत्राशयाच्या नसा याच बंधांमधून जातात. कमरेच्या मणक्यासमोरून एक जोडी खाली येते, तिच्यामुळे मूत्राशय सैल राहून लघवी साठवतं. माकडहाडाच्या वर जे त्रिकास्थी हाड असतं त्यातून, एस२ ते एस४ या मणक्यांमधून, दुसऱ्या नसा येतात, त्या मूत्राशय आवळून रिकामं करतात. दोन्ही मिळून गुदाशय आणि योनीच्या कडेला कोळिष्टकासारखं जाळं होतं. त्याचेच धागे मूत्राशय, योनी आणि आतड्याच्या शेवटच्या भागाकडे जातात. म्हणून लघवी, बद्धकोष्ठ आणि योनीचा कोरडेपणा ही तिन्ही दुखणी एकत्र येतात.

नसा वाचवायच्या म्हणजे मागचा बंध सरसकट न कापता त्याच्या बाहेरच्या अंगाला, मूत्रवाहिनीच्या खाली असलेला नसांचा पदर आधी सोडवून बाजूला सारायचा. कडेच्या बंधात गर्भाशयाची खोल शीर ही खूण असते. तिच्या वर रक्तवाहिन्या, खाली नसा. सगळ्यात अवघड पुढचा भाग, मूत्राशयाला चिकटलेला. तिथे रक्त सुटलं की दिसेनासं होतं, आणि घाईत टाके किंवा डाग दिला की आतापर्यंत जपलेलं जाळं जायचं. हा मार्ग जपान्यांनी घालून दिला. क्योतोच्या ओकाबायाशींनी १९२१ मध्ये मोठं ऑपरेशन मांडलं, १९६१ मध्ये तोक्योच्या कोबायाशींनी त्यात नसा राखायचा विचार आणला, आणि २००७ मध्ये क्योतोच्याच फुजींनी एकेक शीर नि नस वेगळी करून दाखवली.

कॅन्सर मागे राहतो का? गाठ बाजूच्या बंधात शिरलेली नसेल तर आतापर्यंतच्या अभ्यासांत आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसत नाही, लघवी मात्र लवकर सुरळीत होते. बंधात शिरली असेल तर नसांचा हट्ट धरू नये. तिथे बहुतेकदा ऑपरेशनऐवजी किमो-रेडिएशनच देतात.

डॉक्टरांना "नर्व्ह स्पेअरिंग करता का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. विचारा, "टाइप कोणता, बी२, सी१ की सी२?" बी२ मध्ये बंध कमी कापतात. सी१ म्हणजे जास्त कापून पण नसा राखून, सी२ म्हणजे नसांसकट. बायोप्सीत लसिका-रक्तवाहिन्यांमध्ये कॅन्सरच्या पेशी दिसल्या का, तेही विचारा, टाइप त्यावरही ठरतो. आणि नंतर रेडिएशन लागायची शक्यता किती? हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. जपलेल्या नसांवर पुन्हा रेडिएशन बसलं तर फायदा बराचसा जातो.

खडूस_काका
मेव्हणीची गाठ लहान होती म्हणे. असो.

रानजाई
काका, दोन सेंमीच्या आतली, खोल न गेलेली असेल तर २०२४ मध्ये छापलेल्या चाचणीनुसार साधी हिस्टरेक्टॉमीही पुरते. तीन वर्षांत ओटीपोटात आजार परतण्याचं प्रमाण २.५२ टक्के, रॅडिकलमध्ये २.१७. लघवीचा त्रास साध्यात कमी. नस वाचवायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे तिच्या वाटेला न जाणं. पण या ताईंची गाठ २.६ आहे, त्यांना ते लागू नाही.

पैलथडी
माझं हेच ऑपरेशन झालंय, त्यामुळे राहवत नाही.

कॅथेटर काढल्यावर लघवी झाली, मला वाटलं सुटले. लगेच सोनोग्राफी केली तर आत अजून बरीच शिल्लक. ही तपासणी झाल्याशिवाय घरी जाऊ नका. मला सिस्टरनी स्वतः नळी घालायला शिकवलं, पहिल्यांदा आरसा घेऊन. रडले होते. नंतर हात बसला आणि पिशवी वागवण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं वाटलं. मोरीत मापाचं भांडं, दाराला दोरीने वही-पेन, किती आपोआप झाली, किती नळीने निघाली. नळीचा आकडा खाली यायला लागला की ते तुम्हालाच दिसतं. लागलेली कळत नसे म्हणून मोबाइलला गजर, पुढे वाकून बसायचं, जोर करायचा नाही.

संबंधांबद्दल लिहितेच, कारण कोणी लिहीत नाही. नसा वाचल्या तरी योनी थोडी आखूड होतेच, तो भाग काढलेला असतो. कोरडेपणाला वंगण जेली औषधाच्या दुकानात मिळते. यजमानांना वेगळं, डॉक्टरांसमोर बसवून सांगितलं गेलं, तेव्हा त्यांची भीती गेली. माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचेसुद्धा. ताईला पैलथडींचा प्रतिसाद वाचून दाखवला, तिने आरशाचं दोनदा विचारलं. दाजींना फोनवर पाठवलाय, निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.

एक सांगायचं राहिलं. ताईला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. त्याने फरक पडतो का?

रानजाई
पडतो. जुन्या शुगरने मूत्राशयाच्या नसा आधीच मंदावलेल्या असू शकतात. ऑपरेशनच्या आधीच लघवीनंतर किती शिल्लक राहते त्याची सोनोग्राफी करून घ्या. तो आकडा फाइलमध्ये असला की नंतर बिघडलं ते ऑपरेशनने की आधीचंच, हा घोळ राहत नाही. तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर तपासली नसेल तर तीही. आणि पुढच्या वेळी ताईंना एकटीला पाच मिनिटं डॉक्टरांशी बोलू द्या. दाजींना केसपेपरच्या रांगेत पाठवा.