गोड्या पाण्यातल्या माशांतून ओमेगा-३ : कोणता मासा घ्यावा, कसा शिजवावा?

प्रश्न : समुद्री मासे मिळत नाहीत. आठवड्यातून दोनदा गोड्या पाण्यातला मासा खाल्ला तर ईपीए-डीएचए (माशातली दोन मुख्य ओमेगा-३ स्निग्धाम्लं) पुरेसं मिळेल का? आणि तळला तर वाया जातं का?

प्रतिसाद १ : मिळेल, पण मासा निवडून घ्या. मोठ्या माणसाला दोन्ही मिळून रोज २५० मिलिग्रॅम धरा, म्हणजे आठवड्याला पावणेदोन ग्रॅम. पाळलेल्या ट्राउटच्या १०० ग्रॅम मांसात साधारण पाऊण ते एक ग्रॅम असतं, त्यामुळे दोन जेवणांत हिशेब जवळपास पुरा होतो. तिलापियात जेमतेम ०.१ ते ०.२ ग्रॅम, तेवढ्यासाठी किलोभर मासा लागेल. कार्प (रोहू-कटल्याच्या कुळातला मासा) अधेमधे.

पाळलेल्या माशाचा आकडा खाद्यावर हलतो. खाद्यात माशाच्या तेलाऐवजी सोयाबीनचं तेल असेल तर मांसात लिनोलेइक आम्ल (हे ओमेगा-६) चढतं आणि ओमेगा-३ उतरतं. हे मासे अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून (वनस्पतींतलं ओमेगा-३) थोडं ईपीए-डीएचए स्वतः बनवतात खरे, पण त्यासाठी लागणारी विकरं (एन्झाइम) लिनोलेइक आम्लही वापरतं, आणि सोया तेलात तेच कितीतरी जास्त. म्हणून विकणाऱ्याला खाद्याबद्दल जरूर विचारा.

प्रतिसाद २ : तळण्यात खरा घोटाळा तेलाच्या अदलाबदलीचा आहे. कमी चरबीचा मासा कढईतलं तेल पितो, आणि ते ओमेगा-६ चं असेल तर प्रमाणच बिघडतं. त्यापेक्षा वाफवा : दोन सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला ८-१० मिनिटं पुरतात. आत ६३ अंश सेल्सिअस झालं की मांस दुधट दिसतं, काट्यापासून सहज सुटतं.

साठवताना सांभाळा. उणे १८ अंशांना जंतूंची वाढ थांबते, चरबीचं खवट होणं थांबत नाही. तुकडा गोठला की बर्फाच्या पाण्यात बुडवून काढा, वर काचेसारखा थर धरतो. मग पिशवीतली हवा काढून बंद करा. चरबीचा मासा २-३ महिन्यांत संपवा. कडा पिवळट, वास ऑइलपेंटसारखा आला तर टाकून द्या.

प्रश्नकर्ता : कातडी काढावी का?

प्रतिसाद १ : पाणी स्वच्छ असेल तर नको. चरबी पोटाकडे, कातडीखाली आणि बाजूच्या मधल्या रेषेलगतच्या तांबूस मांसात असते. पाण्यात कारखान्यांचं सांडपाणी येत असेल तर मात्र हेच भाग काढा, कारण पीसीबी (कारखान्यांतली विषारी रसायनं) चरबीत साठतात. पारा मांसातच असतो, सोलून जात नाही. त्यासाठी मोठे शिकारी मासे टाळायचे, गरोदरपणात तर नक्कीच.