जुनी फुल-सस्पेन्शन माउंटन सायकल: आधी मागचा शॉक बदलावा की सांधे तपासावेत?

आडवाट:
नमस्कार. काकांनी वापरलेली आणि गेली अनेक वर्षे माळ्यावर पडून असलेली ॲल्युमिनियम फ्रेमची फुल-सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणारी) माउंटन सायकल मी नुकतीच खाली उतरवली आहे. फ्रेमवरचे स्टिकर निघून गेले आहेत. मात्र तिला मूळचेच व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे) असावेत असे दिसते आणि शिमानोने ते 1996 च्या सुमारास आणले, त्यामुळे सायकल त्यानंतरची असावी असा माझा अंदाज आहे. चाके 26 इंची आहेत, पुढे तीन व मागे आठ गिअर आहेत आणि मागचा शॉक (धक्के शोषणारा भाग) कॉइल स्प्रिंगचा आहे.

सीट धरून सायकल किंचित उचलली की मागून ‘टक्’ असा आवाज येतो आणि चाक मात्र क्षणभर जमिनीवरच राहते. शॉकच्या दांड्यावर तेलाचा थर दिसतो. फोर्कवर (पुढचे चाक धरणाऱ्या दुफाट्यावर) सगळा भार टाकला तरी तो जेमतेम बोटभर दबतो, आणि सीटपोस्ट (सीटचा दांडा) फ्रेममध्ये इतका जाम झाला आहे की जागचा हलतसुद्धा नाही. नवा शॉक व 100 मिमी दबणारा नवा फोर्क घ्यावा आणि फ्रेमला पावडर कोटिंग (भाजून बसवलेला रंगाचा थर) करून घ्यावे, असा माझा विचार आहे. सायकल शोभेसाठी ठेवायची नसून कच्च्या वाटांवर चालवायची आहे. हा क्रम योग्य आहे का?

गंजपारखी:
तूर्तास काहीही विकत घेऊ नका. आपण वर्णन केलेला ‘टक्’ शॉकच्या आतला नसून बहुधा फ्रेमच्या एखाद्या हलत्या सांध्याचा किंवा शॉकच्या डोळ्यातील (टोकाच्या भोकातील) बुशचा, म्हणजे आतल्या कड्याचा आहे. याच आवाजापायी मी एकदा नवा शॉक आणून बसवला आणि आवाज जसाच्या तसा राहिला, म्हणून हे ठामपणे लिहितो आहे. माझ्या सायकलीत दोष होता तो बोटाच्या पेराएवढ्या पिनमध्ये, आणि झीज होती केसाच्या जाडीएवढी.

तपासणी अशी करा. तर्जनीचे टोक सांध्याच्या फटीवर असे ठेवा की अर्धे बोट फ्रेमवर आणि अर्धे लिंकवर (हलणाऱ्या दुव्यावर) राहील. मग दुसऱ्या कोणाला सीट हळूच उचलायला सांगा. डोळ्यांना न दिसणारा प्ले (ढिलेपणा) बोटाला लगेच कळतो. सर्व सांधे आणि शॉकची दोन्ही टोके अशीच पाहा. त्यानंतर शॉक पूर्ण काढून घ्या आणि स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा हलता भाग) हाताने वरखाली करा: तो स्वतःच्या वजनाने अलगद खाली यायला हवा, वाळू अडकल्यासारखी खरखर नको आणि बाजूला जराही हलता कामा नये.

शॉकच्या डोळ्यात बहुतेक वेळा पातळ अस्तराचा बुश असतो. त्याचा आतला पृष्ठभाग करडा असेल तर तो चालेल. जेथे पितळी रंगाची चमक दिसू लागते, तेथे अस्तर संपले असे समजावे. बुश आणि पिन ही जोडी एकदमच बदलावी, कारण झिजलेली पिन नवा बुश लवकर खाते. सांध्यांत बेअरिंग असतील तर त्यांचा क्रमांक सीलवरच छापलेला असतो. 608 म्हणजे आतला व्यास 8, बाहेरचा 22 आणि रुंदी 7 मिमी. 6000 म्हणजे 10, 26 आणि 8. बेअरिंग हातोडीने ठोकून बसवू नका. लांब बोल्ट आणि वॉशर घेऊन दाब फक्त बाहेरच्या कड्यावर येईल अशा रीतीने ते ओढून घ्या. सांध्यातील बेअरिंग पूर्ण फेरा कधीच घेत नाही, काही अंशांतच मागेपुढे होत राहते. त्यामुळे गोळ्या एकाच जागी झिजतात, आणि म्हणूनच त्यात ग्रीस सढळ हाताने भरावे.

एवढे करूनही शॉक बदलावाच लागला, तर दोन डोळ्यांच्या मध्यांमधील अंतर, स्ट्रोक (शॉक किती दबतो ते), बुशची रुंदी आणि बोल्टचा व्यास ही चारही मापे जुन्या शॉकवरूनच घ्या. ‘थोडा लांब शॉक बसतो’ या सल्ल्याला बळी पडू नका. नवा शॉक स्प्रिंगशिवाय बसवून स्विंगआर्म पूर्ण दाबा आणि टायर सीट ट्यूबला (सीटपोस्ट जिच्यात बसतो त्या नळीला) टेकत नाही ना, ते पाहा. चेनची लांबीही त्याच वेळी, शॉक दाबलेल्या अवस्थेत ठरवावी. ट्रेकच्या वाय फ्रेमसारख्या सायकलींमध्ये बॉटम ब्रॅकेट (पेडलांचा आस बसतो तो भाग) स्विंगआर्मवरच असल्यामुळे चेनची ही काळजी उरत नाही, पण बहुतेक इतर रचनांत शॉक दबला की चेनला जास्त लांबी लागते.

तिरपा_उजेड:
गंजपारखी यांचे सांध्यांविषयीचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु क्रम मान्य नाही. सर्वांत आधी फ्रेम. पोलादावरील ताण ठरावीक मर्यादेच्या आत राहिला तर ते जवळजवळ अमर्याद काळ टिकते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते, लहान-लहान धक्क्यांचाही हिशेब त्याच्यात साठत जातो. फ्रेम साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा, खोलीत अंधार करा आणि टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. हेड ट्यूबच्या (फोर्क जिच्यात बसतो त्या नळीच्या) खालची बाजू, शॉक जिथे बसतो ते कान आणि स्विंगआर्मची वेल्डिंग या जागा संथपणे पाहा. रंगावरचा ओरखडा आणि तडा यांत शंका वाटली, तर त्यावरून जुना नायलॉनचा मोजा फिरवा; तड्याच्या कडेला धागा अडकतो. तडा सापडला तर सायकल भिंतीवर लावावी. तो पुन्हा वेल्ड करून चालवण्याचा मोह टाळा, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने आसपासच्या धातूला उष्णतासंस्काराने आलेले बळ निघून जाते.

आता फोर्क. त्या काळच्या अनेक फोर्कमध्ये स्प्रिंगच्या जागी इलॅस्टोमरच्या (रबरासारख्या पदार्थाच्या) नळकांड्या असत, आणि इतक्या वर्षांत त्या एक तर दगडासारख्या कडक होतात किंवा गुळाच्या पाकासारख्या चिकट. आपला फोर्क दबत नाही याचे कारण बहुधा हेच असेल. तो उघडा, आतला चिकटा खरवडून काढा आणि योग्य मापाच्या पोलादी स्प्रिंग किंवा नवे इलॅस्टोमर मिळतात का, ते पाहा. 100 मिमीचा फोर्क मात्र मी घेणार नाही. त्या वेळच्या बऱ्याच फ्रेमची भूमिती 60 ते 80 मिमीच्या फोर्कसाठी आखलेली असे. पुढची बाजू 20 मिमीने उचलली की हेड अँगल (हेड ट्यूबचा कोन) सुमारे एका अंशाने सपाट होतो, चढावर पुढचे चाक भरकटू लागते आणि हेड ट्यूबवरचा ताण वाढतो तो वेगळाच. शिवाय आजकालचे बहुतेक फोर्क फक्त डिस्क ब्रेकसाठी असतात. व्ही-ब्रेक लावायला त्यांवर खुंट्याच नसतात.

सीटपोस्टसाठी कॉस्टिक सोड्याचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. तो पोस्टबरोबर आपली फ्रेमही खाईल. भेदक तेल (जाम भागांत झिरपणारे) वरून सोडा. मग सायकल उलटी करून बॉटम ब्रॅकेटच्या बाजूने, सीट ट्यूबच्या आतूनही सोडा आणि काही दिवस धीर धरा. त्यानंतर पोस्टचे डोके भक्कम व्हाइसमध्ये पकडून फ्रेम फिरवा. जोर पुढच्या त्रिकोणावरच द्या. स्विंगआर्म धरून ओढलात तर सांध्यांची आहे ती उरलीसुरली अवस्थाही बिघडेल.

आडवाट:
दोघांचेही आभार. फ्रेम दोन संध्याकाळी बारकाईने पाहिली, तडा आढळला नाही. बोटाची युक्ती अचूक ठरली: प्ले शॉकच्या खालच्या डोळ्यातच होता. बुशमध्ये पितळी चमक दिसते आणि पिनवरून नख फिरवले तर स्पष्ट पायरी लागते. सांध्यांतील आठांपैकी एक बेअरिंग खरखरते. तरीही शॉकमधून तेल येते आहे, हे खरेच. तो मी घरी उघडू शकेन का? आणि पावडर कोटिंगचे काय करावे?

तिरपा_उजेड:
शॉक घरी उघडू नका. अनेक शॉकमध्ये तेलामागे दाबाखाली वायू भरलेला असतो आणि तो न सोडता झाकण फिरवले तर आतले भाग गोळीसारखे बाहेर येतात. सील बदलणे, नवे तेल आणि पुन्हा वायू भरणे ही कामे त्यातील जाणकाराकडेच द्यावीत.

पावडर कोटिंग साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला भाजले जाते. त्यासाठी सगळी बेअरिंग काढावी लागतात आणि बेअरिंगची घरे व आटे झाकावे लागतात. नाहीतर त्यांत थर बसून नवे बेअरिंग आतच जात नाही. इतक्या तापमानाचा उष्णतासंस्कारित ॲल्युमिनियमच्या ताकदीवर परिणाम होऊ शकतो, हेही लक्षात घ्या. माझे मत विचाराल तर रंग आहे तसाच राहू द्या, उघड्या पडलेल्या जागा तेवढ्या भरून घ्या.

गंजपारखी:
एक खरखरत असेल तरी आठही बेअरिंग बदला. त्यासाठी पुन्हा सगळे उघडण्याची हौस कोणालाच नसते. पावडर कोटिंगबाबत वरच्या मताशी सहमत आहे.

आडवाट:
सहाव्या दिवशी सीटपोस्ट सुटला. आधी कर्रकर्र असा आवाज आला, मग तो एकदम फिरला आणि बाहेर येताना मिठासारखी पांढरी पूड सोबत घेऊन आला. 27.2 मिमीचा असेल असे गृहीत धरून मी नवा पोस्ट मागवण्याच्या बेतात होतो. पुसून पाहिले तर खालच्या टोकाला 26.8 असे कोरलेले आहे.