गिझर सुरू असताना नळाला झिणझिण्या. एमसीबी मात्र पडत नाही

रविवारकारंजाकर
नमस्कार. आमचा जुना वाडा नाशिकच्या रविवार कारंज्याजवळ आहे. आठवडाभरापासून गिझर सुरू असताना न्हाणीघरातील पितळी नळाला ओला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. गिझर बंद केल्यावर काहीच जाणवत नाही. टेस्टर लावल्यास मंद उजळतो. दोन वर्षांपूर्वी फ्यूज काढून एमसीबी (जादा करंट गेल्यास आपोआप पडणारे स्विच) बसवले, परंतु ते या प्रकारात एकदाही पडलेले नाहीत. ते बिघडले आहेत, की हा करंट किरकोळ समजावा? आईचे वय सत्तरीच्या पुढे असल्यामुळे सध्या खाली रबरी पायपुसणे टाकले आहे.

सिडकोवासी
आमच्याकडेही असेच होत असे. वायरमनने गिझरच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल (करंट परतण्याची तार) आणि अर्थ (गळणारा करंट जमिनीत नेणारी तार) ही दोन टोके छोट्या तारेने जोडून दिली. त्यानंतर त्रास झालेला नाही.

निवृत्त अभियंता
सिडकोवासी यांनी सांगितलेला उपाय कृपया कोणीही करू नये, आणि त्यांनी स्वतःही ती तार आजच काढून घ्यावी. खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल तुटला, तर चालू उपकरणांतून परतणारा २३० व्होल्टचा दाब त्या तारेवाटे थेट गिझरच्या पत्र्यावर येतो, म्हणजे रक्षणासाठी लावलेली तारच घातक ठरते.

आता मूळ प्रश्न. आपले एमसीबी बिघडलेले असतीलच असे नाही. २,००० वॅटचा गिझर सुमारे पावणेनऊ अँपियर घेतो आणि त्यासाठी बहुधा १६ अँपियरचा एमसीबी असतो. ओल्या शरीरातून जाणारा, जीव घेऊ शकणारा करंट मात्र अँपियरच्या हजाराव्या भागांत मोजतात. तेवढ्याने एमसीबी हलणारही नाही. त्याचे काम तारा जळू न देण्याचे आहे. माणसासाठी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी लागतो: फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत तेवढा फरक पडला की तो ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. अर्थात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले, तर त्याला काहीच कळत नाही. टेस्टर अगदी क्षुल्लक गळतीवरही उजळतो, त्यामुळे त्यावरून धोका लहान की मोठा हे ठरवू नये.

माझी शंका अर्थिंगवर आहे. जुन्या वाड्यांत अर्थची तार पाण्याच्या लोखंडी नळाला बांधण्याची पद्धत होती. पुढे नळ प्लास्टिकचे झाले आणि अर्थिंग कधी गेले, हे कोणाच्या लक्षातही आले नाही. अर्थिंगसाठी नवा खड्डा घेताना हेही पाहावे की आपल्याकडे काळा कातळ पुष्कळ ठिकाणी थोड्याच खोलीवर लागतो आणि उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून मोजणी पावसाळ्यात करून समाधान मानू नये. तोवर गिझरचा प्लग सॉकेटमधून काढूनच ठेवावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण जुन्या जोडणीत ते पुष्कळदा न्यूट्रलवर असते.

इंदिरानगरकर
प्लगची वरची लांब, जाड पिन शाबूत आहे का तेही पाहावे. जुन्या सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती कापलेली मी दोन घरांत पाहिली आहे. पिन लांब असते ती अर्थ सर्वांत आधी जोडला जावा म्हणून.

रविवारकारंजाकर
सर्वांचे आभार. परवानाधारक वायरमनकडून तपासणी झाली. अभियंता साहेबांची शंका खरी निघाली: फरशीच्या कामात नळ बदलला गेला होता आणि हिरवा कीट चढलेली अर्थची तार भिंतीत उरलेल्या वीतभर लोखंडी तुकड्याला अजून इमानाने बांधलेली होती. गिझरचा पाणी तापवणारा एलिमेंटही तडकला होता. तो बदलला, अंगणात नवे अर्थिंग केले आणि आरसीसीबी बसवला.

पहिल्याच संध्याकाळी तो तीनदा पडला. तो काढून टाकण्याचा सल्ला शेजाऱ्यांनी दिला, परंतु वायरमनने ऐकले नाही. शोधल्यावर कळले की जिन्यातील ६० वॅटच्या दिव्याचा फेज आमच्या मीटरवरून, तर न्यूट्रल चुलत्यांच्या मीटरवरून घेतलेला होता. त्यामुळे पाव अँपियर आमच्याकडून जात होता आणि परत येत नव्हता. न्यूट्रल आमच्याकडे घेतल्यापासून आरसीसीबी पडलेला नाही, आणि महिन्यातून एकदा त्याचे टेस्ट बटण दाबून पाहण्याचे ठरले आहे. आता एवढी वर्षे त्या दिव्याचे बिल कोणी भरले, हा प्रश्न तेवढा चुलत्यांनी काढला आहे.