मदत हवी आहे: घरातला पांढरा मासा जवळपास दोन फूट झाला, आता त्याला कुठे ठेवू?

नमस्कार मंडळी, मी जुळे सोलापुरात राहतो. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टापायी एका दुकानातून बोटाएवढं पांढरं पिल्लू आणलं. दुकानदार म्हणाला, "अल्बिनो शार्क आहे, वीतभर होईल." काल काचेला टेप लावून मोजला, तर बावीस इंच भरला. टाकी चार फूट लांब आणि दीड बाय दीड, म्हणजे पाणी जेमतेम २५० लिटर. वळताना शेपूट मागच्या काचेला घासते आणि नाकावर पांढुरकी जखम झाली आहे. ती बघितली की जेवण गोड लागत नाही.

ओळख पटावी म्हणून वर्णन देतो. डोकं चपटं, हाडासारखं टणक. तोंडाभोवती आठ मिशा. पाठीवरचा पर डोक्यामागून निघतो तो शेपटीपर्यंत सलग. दिवसभर पाइपामागे पडून असतो, दिवे मालवले की फिरायला लागतो आणि मधूनमधून वर येऊन हवा गिळतो. सोबतचे चार गोल्डफिश आणि एक ऑस्कर एकेक करून नाहीसे झाले.

मागच्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास स्वयंपाकघरात ओलं फडकं आपटल्यासारखा आवाज आला. टाकीचं झाकण सरकलेलं, आणि हा शहाबादी फरशीवर, अंगाला सगळी धूळ चिकटलेली, कल्ल्यामागच्या परांवर जोर देत मोरीकडे सरपटत चाललेला. जुनी चादर भिजवून त्यात गुंडाळला आणि उचलला. पराचा काटा तळहातात असा घुसला की दोन दिवस हात ठणकत होता. टाकीत सोडल्यावर पाच मिनिटांत त्याने चिकनचा तुकडा घेतला!

खरी अडचण पाण्याची. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. बॅरल भरून ठेवतो, पण तिसऱ्या दिवशीच टाकीला वास सुटतो आणि अमोनिया (माशाच्या घाणीतून पाण्यात साठणारं विष) तपासायच्या किटचा रंग गडद हिरवा येतो, म्हणजे प्रमाण फार वाढलेलं. त्यात पुढे मे महिना.

मोठा भाऊ म्हणतो, हिप्परग्याच्या तलावात सोडून दे, जिवाला जागा मिळेल, तुलाही पुण्य लागेल. माझं मन घेत नाही. वडील मला लहानपणी त्याच तलावावर गळ टाकायला न्यायचे. हा तिथे काय करेल, ते मी ऑस्करच्या बाबतीत पाहिलंय.

हा मासा नक्की कोणता? अंगणात कंपाउंडलगत जागा आहे, तिथे हौद बांधला तर जगेल का? आणि रोज चिकन देतो ते बरोबर आहे का?

प्रतिसाद: काठावरचा

दादा, आधी एक सांगतो, तलावात सोडू नका. तुमचं मन बरोबर सांगतंय.

अल्बिनो शार्क म्हणून विकतात तो पंगास. त्याला मिशा चार आणि पाठीवरचा पर आखूड, उभा. सलग पर, आठ मिशा, हवा गिळणं आणि ही वाढ, म्हणजे तुमचा आफ्रिकन मांगूर. बाजारात याला थाई मांगूर म्हणतात, पण मूळ आफ्रिकेचाच. आपला गावरान मांगूर दिसायला याच्यासारखा, पण तो सहसा दीड फुटाच्या आत राहतो. हा १७० सेंटीमीटर आणि ६० किलोपर्यंत गेल्याची नोंद आहे. कल्ल्यांच्या वर त्याला झुडपासारखं एक इंद्रिय असतं, त्यातून तो थेट हवा घेतो. म्हणून फरशीवर जगला आणि म्हणूनच गढूळ, सडक्या पाण्यातही टिकतो. टिकतो म्हणजे सुखात असतो असं नाही, नाकाची जखम बघा.

तलावात गेला तर दुसऱ्या माशांची पिल्लं, बेडूक, जे तोंडात मावेल ते खाईल. याच कारणाने २००० साली केंद्र सरकारने याच्या पालनावर बंदी घातली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साठे नष्ट करायला सांगितलं. त्यामुळे विकू नका, कुणाला देऊही नका. आणि हौदाला हात घालण्याआधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात जाऊन सगळं खरं सांगा. ते काय म्हणतात त्यावर पुढचं ठरवा. ठेवायला नाही म्हणाले, तर पशुवैद्याकडून भूल देऊन शांतपणे संपवणं हे तलावात सोडण्यापेक्षा बरं. लिहिताना मलाही जड जातंय.

परवानगी मिळाली, तर हौद निदान आठ बाय चार, अडीच फूट खोल. वर लोखंडी जाळी बोल्टने आवळलेली हवीच, पावसाळ्यात हे मासे चढून बाहेर निघतात. पाणी काठोकाठ भरू नका, हवा घ्यायला वर जागा ठेवा. निचऱ्याच्या पाइपाला बारीक जाळी लावा आणि ते पाणी नाल्यात न सोडता झाडांना घाला. उन्हाळ्यात वर हिरवी शेडनेट.

चिकन बंद, ती चरबी त्याला मानवत नाही. आठवड्यातून तीनदा, रात्री, बुडणारे पेलेट (माशांच्या खाद्याच्या तयार गोळ्या), कधी कोळंबी. खाणं कमी झालं की अमोनियाही उतरेल. आज रात्री मात्र झाकणावर दोन विटा ठेवा.

धागाकर्ता

दादा, विटा ठेवल्या. सोमवारी कार्यालयात जाऊन येतो. मुलीला अजून काही सांगितलेलं नाही. त्यांनी होकार दिला तर गवंड्याला लगेच बोलावेन. नव्या सिमेंटचं पाणी माशाला बाधतं म्हणतात, त्याला काय करायचं?

प्रतिसाद: काठावरचा

हौद भरून त्यात केळीच्या खोडाचे तुकडे टाका, आठवडाभर कुजू द्या, मग रिकामा करून घासा. असं दोन-तीनदा केलं की सिमेंटचा चुना उतरतो. शेवटी पीएच (पाण्याचा आम्ल-अल्कलीपणा) तपासा, साडेआठच्या खाली आला की मगच मासा सोडा. तुमच्याकडे पाण्याची ओढ आहे, म्हणजे याला महिना लागेल. तोवर टाकीतलं पाणी रोज एक-दोन बादल्या बदला, बॅरलमधलं शिळं पाणीच घाला.