जुन्या रंधा मशीनचं पुढचं टेबल झुकलंय, ग्राइंडिंग करू की शिम (खाली सारायची पातळ पत्र्याची पट्टी) टाकू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरच्या सुतारकामासाठी सेकंडहँड सरफेस प्लॅनर घेतलंय, बिडाचं, १२ इंची. बरीच वर्षं बंद पडून होतं पण बॉडी धडधाकट आहे, कुठे चीर नाही की वेल्डिंगचा टाका नाही, एवढं जड बीड आता नव्या छोट्या मशीनला मिळत नाही म्हणून सोडवलं नाही. वरचा गंज आधी पात्याने खरवडला मग केरोसीन टाकून बारीक एमरी पेपरने घासला. पात्यांचा शाफ्ट हाताने फिरवला की आत वाळू असल्यासारखं लागायचं, म्हणून दोन्ही बेअरिंग बदलली. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडा घासला नाही, ओला करून काढला.

आता खरी अडचण. दोन फळ्यांच्या कडेला रंधा मारून त्या एकमेकींवर उभ्या धरल्या की टोकं टेकतात आणि मधे उजेड दिसतो, फळी लांब असेल तर फट अजूनच मोठी. तिन्ही पाती मागच्या टेबलाच्या (जिकडे रंधा मारलेली फळी बाहेर निघते) लेव्हलला बरोबर आहेत, ते तपासलंय. मग पुढचं टेबल (जिथून फळी आत जाते) मागच्याच्या लेव्हलला आणलं, मागच्यावर स्ट्रेट एज (सरळ कडेची पट्टी) धरून पुढे काढली तर पात्याजवळ टेकते पण पार बाहेरच्या टोकाला ०.३० मिमीची फिलर पत्ती (फट मोजायची ठरावीक जाडीची पत्ती) आरामात जाते. आणि गंमत म्हणजे टेबल एकेकटं तपासलं तर ०.०५ ची पण जात नाही.

वर्कशॉपवाले म्हणतात दोन्ही टेबलं ग्राइंड करून घ्या. माझं मन होत नाहीये, सरळ असलेलं बीड उगाच कशाला उतरवायचं? कोणी शिम टाकून हे सरळ केलंय का? किती जाडीची, कुठे?

दुसरं, मोटर थ्री फेज आहे आणि घरी सिंगल फेज. प्लेटवर डेल्टा २३०, स्टार ४०० असं आहे (वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती आणि त्यांचे व्होल्ट). मोटर बदलायची का?

प्रतिसाद १

ग्राइंडिंग अजिबात नको. टेबल एकेकटं सरळ आहे म्हणजे दोष पृष्ठभागात नाही, बसण्यात आहे. आधी टेबल ज्या तिरक्या डव्हटेलवर (पारव्याच्या शेपटीच्या आकाराच्या खाचेवर) सरकतं तिथली गिब पट्टी (खाचेतली ढिलाई काढणारी पट्टी) सोडून सगळं स्वच्छ करा, तिथे भुसा आणि जुनं ग्रीस मिळून थर बसतो आणि टेबल वाकडं बसतं. परत जोडून गिबचे स्क्रू आवळा, लॉक पक्का करा आणि मगच मोजा, सैल गिबवर घेतलेल्या मापाला काही अर्थ नाही.

तरी झुकलेलं राहिलं तर शिम, डव्हटेलच्या बाहेरच्या टोकाला, म्हणजे टेबलाचं लांबचं टोक उचललं जाईल. जाडी हिशोबाने काढा. समजा टेबल ७५० मिमी लांब आणि डव्हटेलची बैठक २५० मिमी, तर टोकाच्या ०.३० साठी बैठकीवर ०.१० पुरते. पितळी किंवा स्टीलचा शिम पत्रा घ्या, कागद नको, दबतो.

प्रतिसाद २

मोटर ठेवा. डेल्टात जोडा आणि सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी (सिंगल फेजवरून मोटरला थ्री फेज देणारा ड्राइव्ह) लावा, चालेल. फक्त आधी वाइंडिंगचं इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) तपासून घ्या, इतकी वर्षं पडून होती म्हणजे ओल गेलेली असू शकते. चालू-बंदचं बटण व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला जोडा, मोटरच्या वायरमधे स्विच टाकू नका.

आणि एक विचारतो, पात्यांचा शाफ्ट गोल आहे की चौकोनी? खूप जुन्या मशीनला चौकोनी असायचा, त्यात शाफ्ट आणि टेबलामधे मोठी फट राहते आणि हात आत ओढला जातो. तसा असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी गोल शाफ्ट बसवा. आणि गार्ड नसेल तर तो केल्याशिवाय चालू करू नका.

मूळ लेखक

शाफ्ट गोल आहे, गार्ड मात्र नाही, तो आता आधी करतो. गिब पट्टी सोडली तर आत इतका कडक थर होता की पटाशीने उचकटावा लागला, तोही फक्त आतल्या टोकाला, म्हणजे टेबल तिकडून उचललं जात होतं. साफ करून परत मोजलं, आता टोकाला ०.१५ ची पत्ती जाते, ०.२० ची अडते. उरलेल्यासाठी ०.०५ चा स्टील पत्रा आणतो. प्रतिसाद १ वाले दादा, टेबल वरखाली करताना शिम सरकू नये म्हणून काही चिकटवायचं की गिबच्या दाबावरच राहते?