मदत हवी आहे: नवऱ्याच्या औषधाचं कसं समजावू?

नमस्कार. मी आशा सेविका आहे. गावातल्या बायका "अंगावरून पांढरं जातं" एवढंच सांगतात, तेही दळणाला निघाल्यावर, हळूच. परवा एकीने पदराच्या गाठीतून हिरवं पाकीट काढून दाखवलं. सरकारी दवाखान्यातलं, पांढरं जाण्यावरच्या गोळ्यांचं दोन नंबरचं किट. म्हणाली, "ह्यांना कशाला गोळ्या? ह्यांना काहीच होत नाही."

मला माहीत आहे ते असं: संबंधातून पसरणाऱ्या आजारांपैकी परमा (गनोरिया), गरमी (सिफिलिस), क्लॅमिडिया जिवाणूंमुळे, ट्रायकोमोनास परजीवीमुळे, हे औषधाने पूर्ण बरे होतात. हर्पिस, एचआयव्ही विषाणूंचे. औषधाने आटोक्यात राहतात. आणि पांढरं जाणं दरवेळी संबंधातूनच आलेलं असतं असंही नाही, बुरशीनेही होतं. इथेच माझी पंचाईत होते. नवऱ्यालाही औषध लागेल म्हटलं की घरात संशयाचं भांडण, नाही म्हटलं तर ट्रायकोमोनास पुन्हा तिच्याकडे परत. पुरुषांना बरेचदा लक्षणच नसतं, हे पटवायचं कसं?

सुरक्षा क्लिनिकमध्ये (अशा आजारांच्या सरकारी दवाखान्यात) समुपदेशन करणारं कुणी आहे का इथे? तुम्ही नवऱ्याशी पहिलं वाक्य काय बोलता? आणि गरोदर बाईची गरमीची तपासणी, व्हीडीआरएल, हे सासूसमोर कोणत्या शब्दांत सांगता?