काळ्या मातीत गवार गम: चुन्याला पर्याय आहे का?

मातीपरीक्षक: काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रस्ता बांधताना त्यावरचं आपलं उत्तर ठरलेलं: चार-सहा टक्के चुना, नाहीतर माती उपसून मुरूम. पण चुनखडी भाजताना, इंधनाचा धूर सोडला तरी, टनभर चुन्यामागे सुमारे ७८५ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मग गवार गम (गवारीच्या बियांची चिकट पूड) किंवा झँथन गम (जिवाणूंपासून मिळणारा तसाच डिंक) का नको? कोरियातल्या संशोधकांनी १ टक्का झँथन घालून वाळवलेली माती दाबाला १० टक्के सिमेंटच्या मातीपेक्षा सरस ठरली. गवार तर आपल्याच देशात, राजस्थानात पिकते. माझं ठाम मत आहे, ग्रामीण रस्त्यांवर हे आता वापरायला घ्यावं.

रस्तेवाला: "वाळवलेली" या शब्दातच सगळी मेख आहे. रस्त्याखालची माती जोखायची तर नमुना चार दिवस पाण्यात बुडवून सीबीआर, म्हणजे माती किती भार पेलते याचा आकडा, काढतात, कारण जून ते सप्टेंबर ती तशीच भिजत असते. मी स्वतः गवार गम घालून गोळे केले होते. वाळल्यावर हातोडीला दाद देईनात. परातीत पाणी घालून ठेवले, तर सकाळी कडा बुळबुळीत आणि बोट सहज आत जात होतं. त्यावरून उसाची ट्रॉली कशी न्यायची?

आणि खर्च? पावणेचार मीटर रुंद, १५ सेंटीमीटर जाड थर धरा. किलोमीटरला साधारण ९०० टन माती, म्हणजे एका टक्क्याने ९ टन गम. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या शेल गॅसवाल्यांच्या मागणीने गवारीचे भाव भडकले होते. तसं पुन्हा झालं तर मंजूर अंदाजपत्रकात काम कसं पुरं करायचं?

घाटवाट: पूर्वजांनीही चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालून किल्ले बांधले. ते पावसात उभेच आहेत ना?

रस्तेवाला: उभे आहेत ते चुन्यामुळे. गूळ-हिरडा त्याच्या मदतीला. नुसत्या सेंद्रिय लेपाचं उदाहरण हवं तर शेणाचं सारवण घ्या. घरात, छपराखाली असूनही आईला ते दर आठवड्याला करावं लागायचं.

मातीपरीक्षक: भिजण्याचा मुद्दा मान्य. चुना मातीचा स्वभावच बदलतो, तिचं फुगणं कमी करतो. गम फक्त कण एकमेकांना धरून ठेवतो आणि पाणी मिळालं की स्वतःच फुगतो. रस्त्याखालचा आग्रह मी सोडते.

पण सारवणाचं उदाहरण मला उलट पटतं. घाटात नवा उतार कापला की पहिल्याच वळवाला त्याची माती गटारात येते. तिथे दहा वर्षं टिकणारं काही नकोच. वाळ्याच्या गवताची मुळं धरेपर्यंत वरची दोन बोटं माती जागेवर राहिली की पुरे. गम पुढे कुजून मातीत मिसळला तर बिघडत नाही, आणि सिमेंटच्या लेपावर गवत उगवत नाही.

घाटवाट: म्हणजे दरडींवरही उपाय?

मातीपरीक्षक: नाही, कृपा करून तसं कुणी पसरवू नका. माळीणसारखी दरड खोलवरून सुटते. तिथे पाण्याचा निचरा आणि वेळेत स्थलांतर, याच गोष्टी जीव वाचवतात. मी बोलतेय ते फक्त वरची माती धुपण्याबद्दल.

रस्तेवाला: धुपेसाठी असेल तर माझा विरोध नाही. आमच्या भरावाच्या कडेला दर पावसात घळी पडतात. २० मीटरचा पट्टा देतो, शेजारी तेवढाच नुसत्या वाळ्याचा ठेवू. गम कोरड्या मातीत मिसळून मगच पाणी घाला, नाहीतर गुठळ्या होतात. मेमध्ये या.